चार पाण्यांनी धुतलेली ज्वारी

कृष्णकांत कचेरीतून निवृत्त झाले त्या दिवशी संध्याकाळी घरी आले, गळ्यातला हार खुंटीला अडकवला आणि त्याच खुंटीवरची बाजाराची पिशवी काढून घेतली.

"आता हे माझं काम," ते बायकोला म्हणाले.

यशोदाबाई हसल्या. अठ्ठावीस वर्षं त्या पिशवीवर त्यांचंच राज्य होतं. आर्वीच्या बाजारात कुणाची वांगी किडकी निघतात आणि कोण मापात हात मारतो, सगळं त्यांना पाठ. म्हटलं, दोन महिन्यांत कंटाळतील आपणहून.

कंटाळले नाहीत. कचेरीत जशी फाइल वाचायचे तसा ते बाजार वाचू लागले. बाजार उठायच्या वेळेला जायचे, कारण उरलेली भाजी परत न्यायचा माळणींना कंटाळा येतो. वर्तमानपत्र बंद करून वाचनालय धरलं. शेगडीतले अर्धवट जळलेले कोळसे पाण्यात विझवून अंगणात वाळत घालायला लागले. इथपर्यंत यशोदाबाईंचं काही म्हणणं नव्हतं, कोळसे तर त्याही विझवायच्या. पण पुढे पुढे चहाची तीच पूड दुसऱ्यांदा उकळायला लागली, खोकला महिना महिना अंगावर निघायला लागला, आणि त्यांच्या मनात भीतीनं घर केलं.

"अहो, इतकं काऊन करता? पेन्शन येते ना?"

"मी आहे तोवर येते," ते म्हणायचे. "माझ्यामागं तुला निम्मीही मिळायची नाही. मग काय करशील?"

रात्री ते खोकले की यशोदाबाई जाग्या व्हायच्या आणि पुढचा खोकला येईपर्यंत श्वास धरून पडायच्या.

अठ्ठ्याहत्तर साली श्रावणात नलू, त्यांची एकुलती लेक, पिपरीहून पहिल्या बाळंतपणाला आली. सातवा सरत आलेला. ती आली त्याच आठवड्यात कृष्णकांतांनी बाहेरून दळून आणलेल्या पिठाचा एक डबा ओट्यावर ठेवला.

"हायब्रीडची ज्वारी आहे. स्वस्त मिळाली. माझ्यापुरती भाकर याची टाकत जा. नलूला आपली घरचीच दे."

यशोदाबाईंनी झाकण काढलं. पीठ लालसर होतं, आणि त्याला गंधकासारखा कसलासा वास येत होता.

"हायब्रीडचा वासच तसा," ते चटकन म्हणाले.

हायब्रीडला तेव्हा सगळेच नावं ठेवायचे. काळी पडते, चव नाही, भाकर थापताना तुटते. त्यामुळे यशोदाबाईंनी जास्त विचार केला नाही. नवऱ्याची भाकर वेगळी, आपली आणि लेकीची वेगळी, असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी घरचं पीठ संपलं. दळण घेऊन त्या चक्कीवर गेल्या तर लाइन नाही, वीज गेलेली. चक्कीवाला म्हणाला, दुपारून या. घरी नलू भुकेनं कासावीस झालेली, आणि पोटुशीला उपाशी कसं ठेवायचं? यशोदाबाईंनी नवऱ्याच्या डब्यातलं पीठ घेतलं, दोन भाकरी थापल्या, झुणका वाढला. कृष्णकांत तेव्हा वाचनालयात होते.

"आई, याला वास येतो गं."

"खा मुकाट्यानं. हायब्रीडचा वासच तसा."

नलूनं दीड भाकर खाल्ली आणि आतल्या खोलीत जाऊन पडली.

थोड्या वेळानं मनकर्णाबाई भांडी घासायला आली. सकाळी न्हाणीत बंबामागं वाळत टाकलेली एक कापडी थैली यशोदाबाईंच्या हाती लागली होती. धुतलेली, पण गुलाबी डाग राहिलेले. त्यांनी ती मनकर्णेकडे टाकली. "घे, पोतेरं कर."

मनकर्णेनं थैली उलगडली आणि विंचू दिसावा तशी खाली टाकली.

"बाई, हे कुठून आणली जी? हे तं बियाणाची थैली व्हय! याच्या जवारीले दवाई लावेल राह्यते. मांगच्या साली आमच्या दिराच्या बकरीनं तोंड घातलं होतं, दुपारपावतर पाय झाडून झाडून मेली ना."

थैलीवर कवटी आणि दोन हाडं छापलेली होती. यशोदाबाईंनी आधी त्या कवटीकडे पाहिलं. मग ओट्यावरच्या डब्याकडे. मग आतल्या खोलीच्या दाराकडे.

"खाल्ली का काय कोणं?" मनकर्णेनं विचारलं.

त्यांनी उत्तर देण्याआधीच कृष्णकांत उंबऱ्यात येऊन उभे राहिले. खाली पडलेली थैली त्यांना दिसली.

"मी ज्वारी चार पाण्यांनी धुतली होती," ते म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं. "तू मंगळागौरीला गेली होतीस तेव्हा. चौथं पाणी अगदी स्वच्छ निघालं. रोहणा गावच्या रूपरावांकडे शेतात पेरून उरलेल्या थैल्या होत्या. मेव्हण्याला पेरायला पाहिजे, असं मी त्यांना खोटंच सांगितलं. पण माझ्यापुरतीच होती गं ती. मला काही झालं नाही ना इतके दिवस..."

"नलूनं खाल्ली," यशोदाबाई म्हणाल्या. "माझ्या हातानं वाढली मी."

कृष्णकांतांचा हात चौकटीवर होता. तो थरथरत होता, आणि यशोदाबाईंना आत्ता आठवलं की चहाची बशीही परवापासून अशीच थरथरत होती.

निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांनी सायकलरिक्षा बोलावली. भाव केला नाही.

डॉक्टरांनी थैली उलटसुलट करून बारीक अक्षरं वाचली. तो वेळ यशोदाबाईंना बारा महिन्यांएवढा वाटला.

"पाऱ्याचं औषध नाही, एवढं नशीब," ते म्हणाले. "दीड भाकरीनं बाळाला बहुधा काही होणार नाही. बहुधा म्हणतो मी, लेखी देत नाही. बाळाच्या हालचालीवर लक्ष ठेवा. संध्याकाळपर्यंत हललं नाही तर सरळ वर्ध्याला न्या." मग ते कृष्णकांतांकडे वळले. "तुम्ही किती दिवस खाताय?"

"आठ."

"त्रास?"

"थोडी मळमळ. डोकं जड. म्हटलं, एवढ्याशासाठी डॉक्टरचे पैसे कशाला..."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उद्या येऊन नीट तपासून घ्या," ते म्हणाले.

घरी आल्यावर नलू भिंतीला टेकून बसली. यशोदाबाईंनी तळहात तिच्या पोटावर ठेवला तो काढला नाही. कृष्णकांत उंबऱ्यावर पाठमोरे बसले. आत यायची त्यांची छाती होत नव्हती. मनकर्णाबाईही घरी गेली नाही. घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

"सकाळी हललं होतं का गं?"

"आंघोळीच्या वेळेला. नंतरचं आठवत नाही, आई. घाबरवू नको ना मला."

चार वाजले. पाच वाजले. चक्कीची लाइन आली, तिचा फटफटाट गल्लीत ऐकू यायला लागला. यशोदाबाईंना स्वतःच्या हाताची नस उडाली तरी वाटायचं हललं, आणि मग कळायचं की नाही. दिवेलागणीला नलूनं एकदम आईचा हात दाबून धरला.

"आई!"

"माझीच नस असेल."

"नाही गं. बघ. बघ ना!"

दुसऱ्यांदा तळहाताला आतून धक्का लागला, चांगला टाचेचा. उंबऱ्यावरून कृष्णकांतांनी न वळताच विचारलं, "हललं?" तिसऱ्यांदा हललं तेव्हाच यशोदाबाई म्हणाल्या, "हललं."

"माय माय!" मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला. "लाथ मारली आज्याले!"

कृष्णकांत उठले. खुंटीवरची पिशवी काढून त्यांनी यशोदाबाईंपुढं ठेवली.

"पिशवीचं मागून पाहू," त्या म्हणाल्या. "आधी खड्डा खणा. तो डबा पिठासकट पुरा. आणि उद्या तुम्ही डॉक्टरकडे जायचं, पायी नाही."

कार्तिकात नलूला मुलगी झाली. सुईणीच्या हातून घेतल्यावर यशोदाबाईंनी तोंडही न पाहता आधी हातापायांची बोटं मोजली, आणि भरवसा वाटेना म्हणून पुन्हा मोजली. कृष्णकांतांच्या हाताची थरथर तोवर गेली होती, तरी बारा दिवस त्यांनी नातीला उचललं नाही. बारशाला यशोदाबाईंनीच तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

बाजाराला पुढं दोघं मिळून जायचे. पिशवी यशोदाबाईंच्या हातात, भावताव कृष्णकांतांचा. घरी मात्र पिठाचा डबा उघडला की त्या आधी नाक खाली नेऊन वास घ्यायच्या. घरच्या ज्वारीचं पीठ असलं तरी. नात मोठी झाली, ती हसायची. यशोदाबाई तिला काही सांगायच्या नाहीत. वास घेऊन झाला की मगच परातीत पीठ काढायच्या.