शुक्रवारी ऐकून घेणारे साहेब

जेद्दातल्या आमच्या हॉस्पिटलात वॉल्टरसाहेब सल्लागार म्हणून रुजू झाले, तेव्हा मी हिशेब विभागात होतो. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं 'देवरुखकर' हे आडनाव नीट जमेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. हे गृहस्थ अमेरिकेत खासदार होते, यावर माझा विश्वासच बसेना.

साहेबांनी युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत दिलं आणि पुढच्या निवडणुकीत ते घरी बसले. "पडणार हे ठाऊक नव्हतं?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "होतं ना. बायकोने सामान आधीच बांधायला घेतलं होतं."

मतदारसंघातली एक सवय त्यांनी इथेही सोडली नाही. शुक्रवारी दुपारी ते कॅन्टीनमध्ये बसतात आणि येईल त्याचं ऐकून घेतात. दुभाष्याचं काम माझ्याकडे.

चूक झाली ती आमची. आमच्या कोकणात माजी खासदाराचाही फोन गेला की कचेरीतली माणसं ताडकन उठतात. साहेबांचंही तसंच असणार, असं आम्ही धरून चाललो. श्रीवर्धनचा सलीम एका घरी ड्रायव्हर आहे. त्याचे अब्बा शेवटच्या घटका मोजत होते आणि कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता तो मालक, गावी जायची परवानगी देईना. "साहेब, तुम्ही फक्त शब्द टाका!" असं सलीम म्हणाला. साहेबांनी तिथल्या तिथे वॉशिंग्टनला फोन लावले. जुन्या मित्रांनी गोड बोलून हात वर केले. मग साहेब स्वतः कफीलच्या दारी गेले. त्याने कहवा पाजला, खजूर पुढे केले आणि नाही म्हटलं.

अब्बा गेले. साहेब सलीमच्या खोलीवर जाऊन जमिनीवर बसले, "मला जमलं नाही" म्हणाले आणि ढसाढसा रडले. अहो, आमचे पुढारी कधी असं कबूल करतात का!

तेव्हापासून ते आधीच सांगतात, "माझ्या हातात काही नाही." तरी कुणी अडकलेला पगार, कुणी मुदत संपलेला इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, घेऊन येतो. खरं सांगायचं तर बहुतेकांचं काम होतच नाही.

साहेबांच्या या गौरवग्रंथासाठी सलीमला दोन शब्द मागितले. म्हणाला, "अब्बांचं तोंड बघायला मिळालं नाही, ते नाहीच. पण इथं त्यांच्यासाठी रडलो ते मी आणि साहेबच."

साहेब, पंचाहत्तरीनिमित्त 'शतायुषी व्हा' म्हणताना जीभ अडखळते. आणखी पंचवीस वर्षं तुम्ही असं 'नाही, नाही' म्हणत बसावं, अशी शुभेच्छा कोण देईल? पण औषधं वेळेवर घ्या, तब्येतीला जपा, खूप जगा. तुम्ही नसलात तर आम्हाला समोर बसवून, ऐकून घेऊन 'नाही' म्हणणारंही इथे कुणी उरणार नाही.