बांबूवरची टोपली

दुर्गाघाटावरच्या माझ्या जागेला खोली म्हणायचं, कारण दुसरा शब्द नाही. गच्चीच्या कोपऱ्यात होती. पूर्वी तिथे पतंग, मांज्याच्या चरख्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ठेवत. मी आडवी झाले की डोकं भिंतीला आणि पाय दाराला लागायचे. मी एमएला प्राचीन इतिहास घेतला होता, वसतिगृहात नंबर लागला नव्हता, आणि खिशाला परवडेल अशी एवढीच जागा बाबांना सापडली. बाबांनी घरमालकीणबाईंशी पाणी किती वाजता येतं आणि कुलूप कुठलं एवढंच बोलून घेतलं नि संध्याकाळची गाडी पकडली. आमच्या बाबांना तिसरा विषय सुचतच नाही.

घरमालकीण म्हणजे काकू. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला आलेलं. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. "आरामाने राहा, परेशान नको होऊस. फक्त बंदरांपासून जपून. दरवाजा खुला राहिला की सगळं गायब!" हे एका दमात. मी मान डोलावली आणि तिसऱ्याच दिवशी माकडाने माझा साबण पळवला.

आई आली नव्हती. पण साताऱ्याहून फोनवर तिने मला स्वच्छ सांगून ठेवलं होतं. "दिवाळी झाली की मी येणार. जागा माणसाच्या राहण्याजोगी असली तर ठीक. नसली तर गपचूप सामान बांधायचं, माझ्याबरोबर घरी यायचं आणि इथे कोपऱ्यावरच्या कॉलेजात बीएड करायचं." आमच्या आईचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बीएड वाईट असं माझं म्हणणं नाही, पण ते कोपऱ्यावरचं कॉलेज माझ्या स्वप्नात येऊन मला दरदरून घाम फुटायचा.

मग काय, लागले कामाला. पैसे नव्हते, पण हौस दांडगी. भिंतींना स्वतः चुना मारला, त्यात चिमूटभर नीळ. अर्धा चुना भिंतीला, अर्धा केसांना. ओल आलेल्या कोपऱ्यावर फाटक्या पतंगांचे रंगीत कागद चिकटवले. साड्यांच्या दुकानाबाहेर टाकलेले पुठ्ठ्याचे खोके एकावर एक रचून पुस्तकांचं कपाट केलं. चहा पिऊन झालेली मातीची कुल्हडं लोक फेकतात, मी धुऊन घरी आणायची. एकात पेनं, एकात चमचे, एकात तुळस. विणकरांकडे नक्षीसाठी भोकं पाडलेले पुठ्ठे असतात, मागावरून उतरलेले जुने. तसले एका दुकानदाराने रद्दीच्या भावात दिले. त्यांची माळ करून खिडकीला सोडली तर सकाळचं ऊन भिंतभर ठिपके ठिपके होऊन पडायचं. इतकी खूश झाले की एकटीच टाळ्या वाजवल्या!

कोजागिरी झाली, इकडचा कार्तिक लागला आणि पंचगंगा घाटावर उंच उंच बांबू उभे राहिले. प्रत्येकाच्या टोकाला वेताची टोपली, तिच्यात पणती. संध्याकाळी दोरी ओढून टोपली वर चढवायची. अंधार पडला की नुसते दिवेच दिवे हवेत. मी बघतच राहिले. म्हटलं, वा! इथलेही लोक आपल्यासारखा आकाशकंदील लावतात, आणि किती स्वस्तातला!

लगेच गल्लीतल्या टोपलीवाल्याकडे गेले. "आकाशदीपाची टोपली द्या," घाटावर ऐकलेलं नाव मी ऐटीत सांगितलं. भावात घासाघीस करायची पूर्ण तयारी होती. तर तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला, आणि सांगितलेल्या भावाच्या निम्म्यातच टोपली माझ्या हातात देऊन त्याने हात जोडले. मला वाटलं, किती सज्जन माणूस. बांबू गच्चीवर पडलेलाच होता, तो कठड्याला बांधला. रोज दिवेलागणीला पणती वर चढवू लागले.

आणि तेव्हापासून माझं नशीबच उघडलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी जाड दरी, म्हणजे आपली सतरंजी, आणून दिली. "फालतू पडली होती." मग समोरच्या घरातल्या वहिनींनी आरसा पाठवला. खालच्या मजल्यावरच्या गुरुजींनी लिहायला बैठं मेज दिलं, वर डोक्यावर हात ठेवून "बेटा, काही लागलं तर सांग" म्हणाले. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका आजींनी जुन्या बनारसीचा पडदा शिवून आणला, हिरव्या काठाचा. तो लावून दिल्यावर त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावला. मी मनात म्हटलं, बनारसचे लोक म्हणजे काय लोक! परक्या मुलीच्या पडद्यासाठी रडतात!

दिवाळीत तिकीट मिळालं नाही म्हणून मी इथेच राहिले. आयुष्यातली पहिली दिवाळी आईवाचून. पणती वर चढवताना एकदम रडू कोसळलं. काकू चकल्या घेऊन वर आल्या होत्या, त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, "आईची आठवण आली." त्यांनी मला पोटाशी धरलं आणि पुढे काही म्हणजे काही विचारलं नाही. मी आईशी रोज बोलत होते, हे त्यांना कुठून कळणार? गल्लीत फोनला रेंज नसायची, बोलायला मी घाटाच्या पायऱ्यांवर जात असे.

दिवाळी सरली. "घरून बघायला येणार आहेत," असं मी काकूंना सांगून ठेवलं. खोली झाडून पुसून लख्ख केली. स्टेशनावरून आईला घेऊन आले. गल्लीबोळांतून चालताना तिने नाकाला पदर लावला होता. आमच्या आईचा पदर नाकाला गेला की लक्षण चांगलं नसतं.

काकू दारातच उभ्या होत्या. "या या. ह्या कोण?"

"माझी आई."

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्या मटकन पायरीवर बसल्या. मग उठल्या, पुढे झाल्या आणि आईच्या दंडाला बोट लावून बघितलं.

"अहो, हे काय?" आई दचकलीच.

"राम राम राम! तुम्ही तर... अगं ए पोरी! तुझी आई जिंदा आहे?"

"म्हणजे काय?"

"मग तो दिवा कुणाचा लावतेस इतके दिवस?"

"दिवाळीचा!" मी म्हटलं. "आमच्याकडे सगळे लावतात!"

"अगं बावळट! कार्तिकात बांबूवर टोपलीतला दिवा गेलेल्या माणसासाठी लावतात! त्यांची वाट उजळावी म्हणून! आम्ही सगळी गल्ली म्हणतेय, आईवेगळी पोर, एकटीच दिवा लावते बिचारी! कुणाच्या जिभेला विचारायची हिंमत झाली नाही!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. दरी, आरसा, मेज, पडदा, निम्म्या भावातली टोपली, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. गल्लीतल्या बायका दारात जमल्या. पडदेवाल्या आजीही आल्या. मी हात जोडून म्हटलं, "चुकलं माझं. तुमच्या वस्तू मी आत्ता परत..."

"दिलेलं परत घेतात का कुणी?" काकू कडाडल्या. "आई आहे म्हणून पडदा नको का खिडकीला?"

तेव्हा कुठे पहिल्यांदा कुणीतरी हसलं आणि मग सगळ्याच हसत सुटल्या. आजी तर तोंडाचं बोळकं उघडून खोकला येईपर्यंत हसल्या. एकटी आई तेवढी हसली नाही. ती जिना चढून वर गेली. संपलं, म्हटलं. बीएड.

खोलीत तिने माझा चुना बघितला नाही, खोके बघितले नाहीत, ठिपक्यांच्या उन्हाकडे तर लक्षच नाही. दरीवर हात फिरवला. "ही कुणी दिली?" काकूंनी. "आणि आरसा?" समोरच्या वहिनींनी. "मेज?" गुरुजींनी. पडद्याचा काठ चिमटीत धरून तिने उलटून बघितला. टीप बारीक होती, हाताने घातलेली. आजींची नजर धड नव्हती, तरी घातलेली.

दिवेलागण झाली. काकू वर येऊन म्हणाल्या, आता मध्येच बंद नाही करायचा, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत लावावाच लागेल. पण कुणासाठी, ते ठरवा बाई आधी.

"माझ्या आईसाठी," आई म्हणाली. तिने पणतीत तेल घातलं, वात सारखी केली आणि दोरी स्वतः हातात घेतली. टोपली हळूहळू वर गेली. मी भीतभीत विचारलं, "आई, मग सामान बांधू?"

"कशाला?" तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "तू जन्मल्यापासून एकच धास्ती होती मला, मी नसले तर या वेंधळीचं कसं होईल? ते काही जिवंतपणी बघायला मिळत नाही. मला मिळालं. राहा इथेच." आणि दोरीची गाठ कठड्याला पक्की मारून ती आजींना नमस्कार करायला खाली गेली.