वस्तादांचा ताठ बाण
जो कधी वाकत नाही तोच लक्ष्य गाठतो, असं आमचे वस्ताद सांगत. परवा दिवाळीच्या साफसफाईत त्यांचा सागवानी बाण हाती घेतला आणि वाईजवळच्या आमच्या गावचा, महायुद्धाच्या दिवसांतला एक दसरा आठवला. वस्ताद पलटणीतून पेन्शनवर आलेले. शिलंगणाला देवळासमोर टांगलेला कोहळा बाणाने फोडायचा मान त्या वर्षी माझा होता, आणि नेम चुकला तर धनुष्य कायमचं दुसऱ्याच्या हाती जाणार होतं. सरावात मात्र वस्तादांनी दिलेला जाडजूड बाण दर वेळी डावीकडेच जाई. शेवटी मी सुताराकडे गेलो. त्याने बाण दोन विटांवर आडवा ठेवला आणि मधोमध शेराचं वजन टांगलं. बाण जराही लवला नाही. "लय ताठ हाय गड्या," तो म्हणाला, "सुटताना कमानीला वळसा घालाय त्यानं जरा लवाय नगं व्हय?" मग ताज्या भुशाच्या वासात बसून त्याने दुसरा बाण रंध्याने तासत नेला, तो वजनाखाली बोटभर लवेपर्यंत. त्याच्या शेपटाला मी वस्तादांच्या बाणासारखाच सोनेरी कागद चिकटवला. दसऱ्याला कोहळा पहिल्याच बाणात फुटला. वस्तादांनी मिशीवर हात फिरवून गावाला विचारलं, "बघितलंसा? ह्याला म्हणायचं ताठ बाण!" मी नम्रपणे मान लववली. त्यांचा खरा बाण तेव्हा घरी कोपऱ्यात उभा होता. त्याला फडकं बांधून आम्ही अजून जळमटं काढतो. त्या कामाला वाकणारा बाण चालत नाही.