दुसऱ्या जोडीचा खर्ज

आमचा दादा रेडिओ दुरुस्त करतो, त्याला तीस वर्षं झाली. मीटर लावायच्या आधी तो कान लावतो आणि बिघाड कुठे आहे ते सांगून मोकळा होतो. डोकं मात्र भलतंच गरम. मी धाकटी बहीण, माझंही तसंच आहे, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

आठ महिन्यांपूर्वी त्याचे कान सुजले आणि तीन आठवडे त्याला धड ऐकू येईना. मग डॉक्टर म्हणाले, आता सगळं ठीक आहे. पण दादाचा विश्वास कुठला बसायला! गिऱ्हाइकाचा रेडिओ पुढ्यात घेतला की सारखा विचारायचा, "खरखर येतेय का गं?" शेवटी एका रविवारी सकाळी त्याने आम्हाला बसवलं. पुस्तकांच्या फळीवर मावतील असे स्वस्तातले स्पीकर त्याने स्वतः बनवले होते, दोन जोड्या. खोकी एकाच प्लायवूडची. आतला माल एका जोडीत अगदी स्वस्त, दुसरीत जरा बरा.

"मला जे ऐकू येतं तेच तुम्हाला येतं का, बघू," तो म्हणाला. "नाही जुळलं, तर दुकानाला कुलूप."

वहिनी लगेच उठली. पाणी आणायच्या निमित्ताने तिने मला आणि माझ्या नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "काहीही वाजलं तरी छान म्हणायचं. ह्यांचं मन मोडायचं नाही." आम्ही माना डोलावल्या. आठ महिने आम्ही दुसरं काय करत होतो? दादाच्या कुठल्याही कामाला घरात कुणी नाव ठेवत नव्हतं.

पहिली जोडी वाजली. स्वस्तातली, पण खरंच गोड. "वा!" आम्ही म्हणालो.

मग त्याने तारा बदलून तेच गाणं दुसऱ्या जोडीवर लावलं. अगं बाई! खर्ज पार गायब. ड्रम वाजतोय की कुणी रिकामा डबा बडवतंय, कळेना. गाणारीचा आवाज खोलीभर फाकलेला. मी नवऱ्याकडे पाहिलं. हा बाबा डोळे मिटून डोलत होता!

"ड्रम नीट येतोय?" दादाने विचारलं.

"एकदम झकास!" नवरा म्हणाला. वहिनीनेही मान हलवली. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मीही म्हणाले, "छान आहे की."

एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या की खर्ज असाच पळतो, हे दादाला काय सांगायचं? पण तिघांना ड्रम नीट ऐकू येतोय म्हटल्यावर दोष तारांचा कसा असेल? त्याने गाणं बंद केलं. पेचकस टेबलावर ठेवला. "मला येत नाहीये," तो हळूच म्हणाला. "संपलं. उद्या पाटी उतरवतो."

मला राहवेना. "अरे, आम्हालाही येत नाहीये! खोटं बोललो आम्ही!"

"काय?"

"हो," वहिनी रडायलाच लागली. "मीच सांगितलं होतं सगळ्यांना."

दादाने आम्हाला एक शिवी हासडली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. मग डाव्या खोक्याची मागची फळी काढली. आत लाल तारेच्या जागी काळी जोडलेली, त्यानेच, स्वतःच्या हाताने! तारा बदलून पुन्हा गाणं लावलं, तर ड्रम असा घुमला की खिडकीची काच थरथरली. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दादा मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिला.

"आता खरं बोला," तो दरडावून म्हणाला. "कुठली जोडी बरी?"

"पहिलीच," वहिनी नाक ओढत म्हणाली. "हिच्यात बाई नाकातून गाते. आणि वार्निशही ओघळलंय. इतकं गचाळ काम तुम्ही पूर्वी करत नव्हता."

आठ महिन्यांनी कुणीतरी त्याला तोंडावर बोललं होतं. दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि म्हणाला, "अजून सांग. अजून काय काय चुकलंय?"