ड्रायरवरचे आबा

आबांना ‘असे का करता?’ असे विचारले, की ते उत्तर देत नसत. विचारणाऱ्याकडे एकदा पाहत आणि आत्ता जे केले तेच पुन्हा करून दाखवत. दुसऱ्यांदा विचारले, तर तिसऱ्यांदा करून दाखवत. त्यापुढेही कुणी हटून बसले, तर एकच वाक्य बोलत : “माले काय ईचारस? कांदाले ईचार.”

कारखाना सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तिथे कांदा सोलतात, कापतात आणि गरम हवेवर वाळवून त्याच्या पापड्या बाहेरगावी पाठवतात. वाळवण्याचे यंत्र म्हणजे पत्र्याचा एक लांब बोगदा. आत जाळीचा पट्टा हळू सरकत असतो. एका तोंडाने ओल्या चकत्या आत जातात, दुसऱ्या तोंडाने पापड्या बाहेर येतात. सगळे त्याला ड्रायर म्हणतात. कांदा कमी वाळला तर पाकिटात त्याचा गोळा होतो, जास्त वाळला तर तो तांबूस पडतो. दोन्ही माल प्रयोगशाळेत नापास होतो. आबांच्या पाळीत नापास माल क्वचितच निघे. तो का निघत नाही, हे कारखान्यात कुणालाही सांगता येत नव्हते.

आबा मूळचे देवळा तालुक्यातल्या एका खेड्यातले. सिन्नरला एका खोलीत एकटे राहत, सुट्टीला एसटीने गावी जात. मी त्यांना पाहिले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला एक हंगाम उरला होता आणि माझ्या तिथे असण्याचे कारण तेच होते. वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी सोडल्यावर मी असली लिहिण्याची कामे घेत असे. प्लँट मॅनेजर भालेराव साहेबांनी काम एका वाक्यात सांगितले : “आबांच्या डोक्यात जे आहे ते कागदावर आणा. माणूस जातो, कागद राहतो.” पुस्तिकेचा नमुनाही त्यांनीच ठरवला होता. प्रत्येक पानावर तीन रकाने : कृती, वेळ, कारण.

पुस्तिका जिच्यासाठी लिहायची होती, ती संगीता. वय पस्तिशीचे, गाव सिन्नरजवळचेच. सडका कांदा वेगळा काढण्याच्या पट्ट्यावर ती नऊ वर्षे कंत्राटाने उभी होती. त्या पट्ट्याच्या जागी कॅमेऱ्याने कांदा निवडणारे यंत्र येणार हे ठरले होते. भालेराव साहेबांनी तिला माझ्यासमोर सांगितले, की आबांनंतरचा एक हंगाम ड्रायर नीट चालवला तर कायम करू. नाही जमले, तर हंगामाबरोबर कंत्राट संपेल. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “मॅडम, परत पट्ट्यावर जायाचं म्हणलं तरी पट्टाच नाय ऱ्हाणार. तुम्ही नीट लिहा बरं का.”

मी नीट लिहायचे ठरवले. पाळी सुरू होण्याआधी आबा आलेल्या गाडीजवळ जात, एक कांदा हातात घेत आणि ड्रायव्हरला विचारत, “कुठला शे?” गावाचे नाव कळले, की तिथल्या विहिरींची चौकशी करत. मग त्या ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नाची. मी दोन्ही लिहून घेतले. ड्रायरच्या तिसऱ्या दारापाशी उजवा हात पत्र्याला लावून ते थोडा वेळ उभे राहत. बाहेर येणाऱ्या पापड्यांची मूठ आवळत, ती कानाजवळ नेऊन उघडत. एक पापडी दाढेखाली धरत, पण चावत नसत. डावी बाही वर सारत, उजवी तशीच ठेवत. दुसऱ्या तोंडाशी हवा किती गरम आहे ते दाखवणाऱ्या मीटरच्या डोक्यावर गमछा टाकत. हवेची झडप फिरवताना ती बोटांनी न धरता तळहाताने ढकलत. चहा झाला, की उलट्या ठेवलेल्या क्रेटवर मीटरकडे पाठ करून दहा मिनिटे बसत. माझ्या वहीत अशा त्रेचाळीस कृती झाल्या. कारणाचा रकाना रिकामा होता.

मी त्यांना ‘मूठ का आवळता?’ असे विचारले. त्यांनी मूठ आवळून दाखवली. ‘कानाजवळ का नेता?’ त्यांनी नेली. संगीता मागे उभी राहून हसत होती. “ओ पेपरवाली,” आबा मला म्हणाले, “तू लिहायचं काम कर. नाही तर हात धू, माझ्यासंगे ये.” मी हात धुतले नाहीत. माझे काम लिहिण्याचे होते.

आपल्याला काही येते, याचीच त्यांना कल्पना नव्हती, की ती असून ते दाखवत नव्हते, हे मी शेवटपर्यंत ठरवू शकले नाही. काही वर्षांपूर्वी त्यांनी ड्रायरच्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबची एक पट्टी बांधली होती. तिच्यामुळे चकत्या पट्ट्यावर सारख्या पसरत. कारखान्यात सूचनांची स्पर्धा सुरू झाल्यावर एका इंजिनिअरच्या ते लक्षात आले. त्याने त्या पट्टीचे रेखाचित्र काढले, तिला इंग्रजी नाव दिले आणि विभागाला बक्षीस मिळाले. भिंतीवर आबांचा फोटो लागला, खाली ‘नवकल्पना’ असे लिहिलेले. आबा फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “ट्यूब मनी नही, जवाईनी शे.” जावयाच्या सायकलची ट्यूब आपल्या नावावर लावली गेली, याचे त्यांना खरोखर वाईट वाटले होते.

हंगाम संपता संपता मी पुस्तिका तयार केली. डेस्कवर वर्षानुवर्षे एक गोष्ट अंगात मुरली होती : ज्या मजकुराला आधार नाही तो कापायचा. त्रेचाळीसमधल्या सतरा कृती मी कापल्या. ड्रायव्हरच्या मुलीचे लग्न कापले, बाही कापली, गमछा कापला. चहानंतरची दहा मिनिटेही कापली. सव्वीस कृती उरल्या. त्यांची कारणे मी प्रयोगशाळेतल्या लोकांना विचारून भरली. भालेराव साहेब खूश झाले. आबांच्या निरोपाला शाल, श्रीफळ आणि पुस्तिकेची एक प्रत देण्यात आली. आबांनी पुस्तिका उघडली नाही. शालीत गुंडाळून पिशवीत ठेवली.

नवा हंगाम सुरू झाला आणि पहिल्या तीन आठवड्यांतच संगीताच्या पाळीचा माल एकाआड एक नापास होऊ लागला. आज गोळे, उद्या तांबूस. ती पुस्तिका पाठ म्हणत असे. भालेराव साहेबांनी मला पुन्हा बोलावून घेतले आणि तिचे काम मी दिवसभर पाहिले. गाडीजवळ कांदा हातात घेणे, तिसरे दार, मूठ, कान, दाढ, सगळे बरोबर होते. मग ती झडप ढकले, मीटर पाही, आकडा हलला नाही म्हणून पुन्हा ढकले. थोड्या वेळाने आकडा उडी मारे, म्हणून उलट ढकले. भालेराव साहेब दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा ते मला म्हणाले, “मॅडम, पुस्तिकेत काही राहिलं का?” मी नाही म्हणाले. साहेब गेल्यावर संगीता म्हणाली, “येत्या सुट्टीला आबांकडं जाऊ. तुम्ही चला, नायतर म्या एकटी जाते.”

आम्ही नाशिकहून देवळ्याची एसटी धरली, तिथून जीप. आबा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांची बायको कांद्याच्या माळा बांधत होती. संगीताने पुस्तिका काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. आबा पूर्ण सव्वीस कृती लक्ष देऊन ऐकत राहिले. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, “हाऊ माणूस कोण शे?”

“तुम्हीच की, आबा!”

“लय कामाचा दिसतो,” आबा म्हणाले. त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसली.

संगीताला हसू आले नाही. “आबा, चेष्टा नका करू. माल जातोय माझा. या हंगामात नाय जमलं तर घरी बसायचं हाय मला.”

आबांनी तिला उभे केले. घराची भिंत म्हणजे ड्रायर समज आणि काय करतेस ते दाखव, म्हणाले. तिने भिंतीवर कोळशाने मीटर काढला, शेजारी झडप काढली. मग तिथे नसलेल्या पापड्यांची मूठ आवळली, झडप ढकलली, मीटर पाहिला, पुन्हा ढकलली, पुन्हा पाहिला. आबा पाहत राहिले. तिने चौथ्यांदा भिंतीला हात लावला तेव्हा त्यांनी बायकोला चहा करायला सांगितला. चहा आला. त्यांनी संगीताला बाजेवर शेजारी बसवले, भिंतीकडे पाठ करून.

“आबा, आता?”

“चहा पी.”

“पण मीटर...”

“मीटर कोठे पळी जाई?”

चहा संपला तरी त्यांनी तिला उठू दिले नाही. गाईची, पावसाची, सिन्नरच्या खोलीच्या मालकाची चौकशी करत राहिले. मला त्या वेळी मी कापलेली ओळ आठवली. ड्रायरची हवा बदलली, की तिचा परिणाम दुसऱ्या तोंडाशी दिसायला वेळ लागतो. तो वेळ मीटरकडे बघत बसणारा माणूस झडप पुन्हा हलवणारच. पाठ करून बसणारा हलवणार नाही. सगळे जुळत होते. मी विचारले, “आबा, म्हणूनच तुम्ही चहानंतर मीटरकडे पाठ करून बसायचात ना?”

पहिल्यांदाच त्यांनी माझ्या एका ‘का’वर विचार केला. मग म्हणाले, “उजेड डोळ्यांवर ये. मीटरमागे खिडकी व्हती ना.”

दुसऱ्या दिवशी मी ड्रायरच्या खोलीत जाऊन पाहिले. मीटरमागे खिडकी नव्हती. जुन्या लोकांना विचारले, तेव्हा कळले, की खिडकी होती, पण पलीकडे शीतगृह बांधताना ती विटांनी बुजवली. त्याला बरीच वर्षे झाली. म्हणजे उजेड बंद झाल्यावरही आबा तसेच बसत राहिले. सवयीने, की तसे बसल्यावर माल चांगला येतो हे कधीतरी ध्यानात आल्यामुळे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. ते त्यांच्याकडेही असेल असे मला वाटत नाही.

संगीता चहानंतर पाठ करून बसू लागली. भालेराव साहेबांनी तिला एकदा तसे पाहिले आणि मला बोलावून विचारले, “ही झोपा काढते का?” कापलेली ओळ मी त्यांना वहीत दाखवली आणि ती कापण्याची चूक माझी होती हे सांगितले. साहेब म्हणाले, “मग उरलेल्या सोळा ओळींचं काय?” हा प्रश्न बरोबर होता. पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत मी सतराच्या सतरा ओळी परत घातल्या. बाही घातली, मुलीचे लग्न घातले. आता दुसऱ्या पाळीचे पुरुषही डावी बाही वर सारून काम करतात आणि ड्रायव्हर मंडळी घरच्या चौकशांना उत्तरे देऊन कंटाळली आहेत.

माल पास होऊ लागला. पण त्याच आठवड्यात ड्रायरची हवा तापवणाऱ्या बर्नरची साफसफाई झाली होती आणि नवा, कोरडा कांदाही यायला लागला होता. देवळ्याहून आल्यापासून संगीता आधीसारखी धास्तावलेलीही नव्हती. यातल्या कशाने फरक पडला, हे मी बातमीत लिहू शकले नसते. मला कुणी विचारलेही नाही. हंगामाच्या शेवटी संगीताला कायम झाल्याचे पत्र मिळाले.

पत्र हातात पडताच तिने आबांना फोन लावला. फोन त्यांच्या बायकोने घेतला. आबांना जाऊन दहा दिवस झाले होते. चार दिवसांचा ताप, बाकी काही नाही. घरात कारखान्याचा नंबर कुणाकडेच नव्हता, म्हणून कळवले नव्हते.

आम्ही पुन्हा गेलो. संगीताने बरोबर ते पत्र घेतले होते. तिने ते बाईंच्या हातात दिले, मग त्यांना वाचता येत नाही हे लक्षात आल्यावर स्वतः वाचून दाखवले. बाईंनी शांतपणे ऐकले. पत्राची घडी करून परत दिली आणि विचारले, “पोरी, एक ईचारू? तिकडे ते करेत तरी काय? घरी कधी एक शबद बोलनात नही.”

संगीताने माझ्याकडे पाहिले.

“कांदा वाळवायचे, मावशी,” ती म्हणाली.

“मंग त्यामा काय? कांदा तं मी बी वाळाडस.”

संगीताने विचारले, “तुम्ही कसा वाळवता?”

बाईंनी घराच्या धाब्याकडे, मातीच्या सपाट छताकडे, हात केला. “वर शे. चाल.” संगीताने पत्र माझ्याकडे दिले, चपला काढल्या आणि ती त्यांच्या मागोमाग शिडी चढू लागली. शिडी डगमगत होती. मी पत्र पर्समध्ये टाकले आणि दोन्ही हातांनी शिडी धरून खाली उभी राहिले.