मालूचे नियम

मालू वारघडे डोळखांबकडच्या पाड्यांच्या बातम्या शहापूरच्या एका साप्ताहिकाला देते. शाळेला मास्तर नाही, दवाखान्याला कुलूप, असल्या. एकदा खडी क्रशरच्या धुळीनं नाचणी माखल्याची बातमी तिनं दिली. क्रशरवाल्याच्या माणसांनी भर रस्त्यात तिची स्कूटी अडवली आणि मोबाइल दगडावर आपटला.

शहापूर-मुरबाडच्या पत्रकारांचा एक हक्क मंच आहे. पत्रकारावर कुणी हात उगारला, तर तहसील कचेरीवर धडकायचं, एवढ्यासाठीच तो काढलेला. मालू मंचाचे अध्यक्ष स्वरूप विशे यांच्याकडे गेली.

"बघू," ते म्हणाले.

पत्रकार दिनाचा मांडव आणि जेवण दरवर्षी त्याच क्रशरवाल्याकडून यायचं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मग मालूनं मंचच नीट करायला घेतला. सभासदांच्या घरोघर गेली, पार मुरबाडपर्यंत. कुणी हसलं, कुणी जेवू घातलं. अखेर नियम झाले: अध्यक्ष दोनदाच. हल्ल्याची तक्रार अध्यक्षानं एकट्यानं दाबायची नाही, कार्यकारिणीनं आठवड्याच्या आत निकाल द्यायचा. सभेत टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात स्वरूप विशेंनी वाजवल्या. त्या टाळ्यांचा अर्थ मालूला निवडणुकीच्या दिवशी कळला.

"माझ्या दोन टर्म झाल्या," मुरबाडच्या हॉलमध्ये ते उभे राहून म्हणाले. "नियम म्हंजे नियम. मी आमच्या मंडळींचं नाव सुचवतो, अनिता विशे. महिला अध्यक्ष! मालूताई, तुमचा तर विरोध नसंल?"

"वयनींनी कदी बातमी लिवलीय काय?" मालूनं विचारलं.

"लिवायला आमी हाव की!" मागून एकजण ओरडला आणि हॉल हसला. सरपंचबाईंच्या खुर्चीत नवरे बसतात, म्हणून ह्याच माणसानं मागच्या महिन्यात अर्धं पान लिहिलं होतं.

अनिता वहिनी बिनविरोध निवडून आल्या. शाल झाली, नारळ झाला. मालूनं तिथल्या तिथं आपली तक्रार पुढं ठेवली.

कार्यकारिणी आठवड्याच्या आत बसली. नियमाप्रमाणे मतं घेतली आणि बहुमतानं ठरवलं, की हे भांडण वैयक्तिक आहे, मंचाचा त्याच्याशी संबंध नाही.

"तुमच्याच नियमानं झालं ना सगळं?" चहा पुढं करत स्वरूप म्हणाले. "आता मला बोल लावू नका."

तिनं चहा घेतला. नको म्हटलं असतं, तर त्याचीच चर्चा झाली असती.

घरी येऊन तिनं घडलं तसं लिहिलं, क्रशरवाल्याच्या मांडवासकट, आणि संपादकांना पाठवलं. अंक आला. पहिल्या पानावर शाल पांघरलेल्या अनिता वहिनी, खाली कौतुकाचा मजकूर. त्यातलं एकही वाक्य मालूचं नव्हतं. नाव मात्र तिचंच होतं.

दुपारी फोन वाजला.

"मालूताई, मी अनिता." आवाज दबका होता. "तुमच्या तक्रारीच्या निकालावर मी सही केली. यांनी कागद वाचू दिला नाय. काय होतं हो त्यात?"

मालूनं सांगितलं.

"मग आता?"

"अध्यक्ष तुमी हाव, वयनी. तुमी सभा बोलवू शकता."

"मी?"

"कोण हाय गो फोनवर?" मागून स्वरूपचा आवाज आला.

"कोणी नाय," अनिता म्हणाली आणि फोन बंद झाला.