वडिलांनी मिशी काढली तो रविवार

रविवारी सकाळी वडील पनवेलच्या बाजारातल्या सलूनमधून घरी आले आणि त्यांना बघून आईच्या हातातली परात खाली पडली. वडिलांना मिशी नव्हती. जाड, टोकांना जरा वर वळलेली ती मिशी त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा होती. तिच्या जागी आता नुसती पांढुरकी कातडी होती. मला ते आपले वडील वाटेचनात.

"अहो, हे काय?" आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. "मामंजी... कधी? निरोप कुठे आला?"

आमच्याकडे बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो. एरवी तिला कुणी ब्लेड लावत नाही. आणि आजोबा तर उलव्याकडच्या गावी ठणठणीत होते, अजून मिठागरावर उभे राहून गड्यांवर ओरडत होते.

"कुणी गेलेलं नाही," वडील म्हणाले. "उकडत होतं म्हणून काढली."

डिसेंबर चालू होता. मला मात्र खरं कारण कळलं होतं.

नव्वद सालच्या आसपासचे ते दिवस. एसटी स्टँडजवळच्या दुकानातून मी भाड्याने कॉमिक्स आणायचो आणि आळीत कुणाकडे व्हिडिओ आला की दारातल्या चपलांपाशी बसून सिनेमे बघायचो. या सगळ्यांत बापाच्या दोनच जाती असत. चांगला बाप पडद्यावर नावं यायच्या आधीच मरायचा. जिवंत राहायचा तो शेवटी खलनायक निघायचा. ऑफिसातून येताना भाजी आणणारा, गणितं तपासणारा आणि उगाच जळणारा दिवा बंद करणारा बाप कुणी काढलाच नव्हता, आणि मलाही त्याची काही उणीव भासत नव्हती.

मग मी स्वतःच एक कॉमिक काढायला घेतलं. जुन्या कॅलेंडरची पानं, कोऱ्या बाजूने, आईच्या सुईदोऱ्याने शिवलेली. हिरो माझ्याएवढा. खलनायक त्याचा बाप. त्याचा अड्डा कर्नाळ्याच्या सुळक्यावर, कारण आमच्या गच्चीतून तो दिसायचा. खलनायकाला मिशी हवीच, आणि मला जगातली एकच मिशी काढता येत होती. दर रविवारी वडील आरशासमोर ती कातरायचे तेव्हा मी शेजारी उभा असायचो. मी जीव ओतून काढली. नाक बिघडलं, हात तर सगळ्यांचे काटक्यांसारखे आले, पण मिशी हुबेहूब उतरली. मला तिचा भयंकर अभिमान वाटला. दुसरं काहीसुद्धा मनात नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी वडिलांना ते पलंगावर सापडलं. शर्टाची बटणं अर्धवट काढलेली, तसेच उभ्याने ते सगळं वाचत राहिले. मी येडा, शाबासकीची वाट बघत होतो.

"हा पोराला कोंडून का ठेवतो?" त्यांनी विचारलं.

"खलनायक आहे ना तो."

"आणि शेवटी काय होतं?"

शेवट काढायचा राहिला होता. मी उत्साहाने तोंडी सांगितला, "मुलगा त्याला कर्नाळ्यावरून खाली ढकलतो."

"बरं," वडील म्हणाले. त्यांनी पानं नीट जुळवून पलंगावर ठेवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. ऑफिसात काही बिनसलं असेल, असं मला वाटलं.

आणि आता हे. आईला सांगावं म्हटलं तर जीभ उचलेना. दुपारी शेजारच्या काकू पिठलंभात घेऊन आल्या, सुतकाच्या घरी नेतात तसा. सासरे जिवंत आहेत, हे आईने त्यांना तीनदा सांगितलं. काकूंनी डोळे पुसले, "धीर धरा" म्हणाल्या आणि पातेलं ठेवून गेल्या. आम्ही मुकाट्याने ते पिठलं खाल्लं.

बाजारहाटाला आलेल्या गावच्या कुणीतरी वडिलांना तसं पाहिलं असणार. दोन दिवसांनी आजोबाच दारात उभे राहिले. गावातली माणसं त्यांच्या घरी रडत गेली होती आणि दार त्यांनीच उघडलं होतं.

चपला न काढताच ते आत आले. "मी जिता हाय का नाय?"

"हाय, बाबा," वडील म्हणाले. घरात कधी न बोललेली ती गावची बोली ऐकून मी आणखीच घाबरलो.

"मंग मिशी कोनासाठी काडलीस?"

आता माझं नाव येणार. पानं समोरच, मी पलंगावरच्या गादीखाली दडवलेली होती. वडिलांनी माझ्याकडे नुसता हात केला असता तरी पुरे होतं.

"उकडत व्हतं," वडील म्हणाले.

आजोबांनी त्यांच्या थोबाडीत मारली. आई किंचाळली. ऑफिसात ज्यांना लोक साहेब म्हणायचे, त्या माझ्या वडिलांनी शाळेतल्या पोरासारखी मार खाऊन मान खाली घातली. बापालाही कुणी मारू शकतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मला ओरडून सांगायचं होतं आणि मी नुसता गादीची कड दाबून धरून उभा होतो.

"बाप जिता असताना मारलास मला," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "असा काय गुन्हा केला मी तुजा?"

"काय नाय, बाबा. चुकलं माजं."

गाल लाल झाला होता आणि मिशीशिवायचा तो वरचा ओठ थरथरत होता. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो, पण त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर त्यांच्या नजरेमागून आजोबांची नजर माझ्यावर आली असती.